आधी शिदोरी, मग वाट : बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलींचे स्वावलंबन

(बालगृहांचे अधीक्षक, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आई-वडिलांच्या छत्राखाली वाढणारी मुलगी अठरा वर्षांची होते, तेव्हा घरात विशेष काही घडत नाही. फार तर मतदारयादीत नाव नोंदवले जाते, एखादे नवे वस्त्र येते. दुसऱ्या दिवशी ती त्याच घरात उठते, त्याच ताटात जेवते आणि कॉलेजला जाते. बालगृहात वाढलेल्या मुलीच्या आयुष्यात मात्र हा दिवस सीमारेषा ठरतो. कायद्याच्या व्याख्येनुसार ती आता बालक राहत नाही आणि बालकांसाठी असलेल्या संस्थेतील तिचा मुक्काम संपतो. राहण्याची जागा, दोन वेळचे जेवण, बरोबरीच्या मैत्रिणी आणि नावाने हाक मारणारी माणसे हे सारे एका तारखेला मागे पडते.

ही तारीख तरी कितपत खरी असते? रेल्वे स्थानकावर किंवा रस्त्याच्या कडेला सापडलेल्या मुलीचा जन्म केव्हा झाला हे सांगणारे कोणीच नसते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे शाळेचा दाखला, तो नसल्यास स्थानिक स्वराज्य संस्थेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसल्यास वैद्यकीय तपासणी, या क्रमाने वय ठरवावे लागते. आपल्या शाळांच्या दप्तरांत १ जून ही जन्मतारीख किती नावांपुढे आढळते, हे येथे बसलेल्या शिक्षकांना सांगावयास नको. प्रशासनाला एक तारीख लागतेच, त्याला इलाज नाही. परंतु मुलीची तयारी मात्र त्या तारखेची वाट पाहत राहता कामा नये. अठरावे वर्ष उजाडल्यावर सुरू झालेली तयारी ही तयारी नसून धावपळ असते.

"आधी शिदोरी, मग जेजुरी" अशी आपल्याकडे म्हण आहे. लांबच्या वाटेला निघणाऱ्याने प्रथम बरोबरच्या भाकरीची तजवीज करावी, हा तिचा साधा अर्थ. बालगृहातून जगाच्या वाटेला लागणाऱ्या मुलीची शिदोरी कोणती, ती कोणी बांधून द्यावयाची आणि वाटेत ठेच लागली तर तिने परत कोणत्या दारी यावयाचे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

महाराष्ट्राची परंपरा

निराधारांना आसरा देण्याचे कार्य या भूमीला नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले, वाढविले आणि डॉक्टर केले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापन केले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींना त्यांनी केडगावी आणले आणि छपाई, विणकाम, शेती अशी अनेक कामे शिकविली. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. हा आश्रम प्रामुख्याने विधवांसाठी होता. १९०० साली तो हिंगण्यास गेला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येच्या व्यवसायाची वाट दाखविली.

या सर्वांच्या कार्यात एक समान सूत्र दिसते. आश्रयाला आलेल्या व्यक्तीला केवळ अन्न आणि वस्त्र देऊन ही मंडळी थांबली नाहीत. ती व्यक्ती उद्या येथून बाहेर जाईल तेव्हा कशावर उभी राहील, याचा विचार त्यांनी पहिल्या दिवसापासून केला. आजच्या संस्थांना याहून वेगळा धडा गिरवावयाचा नाही.

कायद्याने दिलेला आधार

मुंबई बालक अधिनियम, १९४८ पासून १९८६, २००० आणि २०१५ च्या केंद्रीय कायद्यांपर्यंत बालकांविषयीचा कायदा टप्प्याटप्प्याने विस्तारत गेला. १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या सध्याच्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमाने संस्था सोडणाऱ्या युवक-युवतींचा स्वतंत्र विचार केला आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, परंतु एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला समाजात स्थिर होण्यासाठी आर्थिक किंवा अन्य प्रकारे करावयाच्या साहाय्यास कायद्यात अनुरक्षण म्हटले आहे. अशा साहाय्याची तरतूद कलम ४६ मध्ये असून, अपवादात्मक परिस्थितीत ते तेविसाव्या वर्षापर्यंत देण्याची सोय नियमांनी केली आहे. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे.

अठराव्या वर्षी आधार संपू नये, हे तत्त्व अन्यत्रही मान्य झाले आहे. कोरोनाच्या साथीत आई-वडील गमावलेल्या बालकांसाठी २०२१ साली केंद्र शासनाने जी योजना आखली, तिच्यात अठरा ते तेवीस या वयात दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी १० लाख रुपये अशी रचना आहे. अठरा आणि तेवीस यांमधील पाच वर्षे सर्वांत नाजूक असतात, ही जाण या रचनेमागे दिसते.

तथापि एक गोष्ट स्पष्टपणे लक्षात घ्यावयास हवी. कलम ४६ ची भाषा साहाय्य "देता येईल" अशी आहे. ते आपोआप मुलीच्या हाती पडत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, मुलीचा वैयक्तिक देखभाल आराखडा अद्ययावत असावा लागतो आणि बालकल्याण समिती व जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे वेळेवर पाठपुरावा करावा लागतो. अशी तरतूद आहे हेच ज्या मुलीला कोणी सांगितले नाही, तिच्या दृष्टीने तो कायदा झालाच नाही.

कागदपत्रांची पिशवी

शिदोरीतील पहिली वस्तू कागदाची आहे. घरच्या मुलीची कागदपत्रे वडिलांच्या ट्रंकेत असतात. एखादे हरवले तर वडील तहसील कचेरीत खेपा घालतात. बालगृहातील मुलीसाठी ही खेप घालणारे कोणी नसते. म्हणून आधारपत्र, वयाचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, लसीकरणाची व आजारपणाची नोंद आणि बँकेचे पासबुक यांची एक पिशवी प्रत्येक मुलीच्या नावाने सोळाव्या वर्षापर्यंत सिद्ध असावी. मूळ प्रती संस्थेच्या कपाटात असल्या तरी त्यांतील प्रत्येक कागद कशासाठी लागतो हे मुलीला ठाऊक हवे.

यांत सर्वांत महत्त्वाचे अनाथ प्रमाणपत्र होय. एका दाखल्याची किंमत किती असते, हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले आहे. अनाथाश्रमात वाढलेल्या एका तरुणीला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पुरेसे गुण मिळाले; परंतु उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला ती देऊ शकली नाही आणि तिची संधी हुकली. ज्या मुलीला आई-वडीलच ठाऊक नाहीत, तिने त्यांच्या उत्पन्नाचा दाखला आणावा तरी कोठून? तिने हे गाऱ्हाणे शासनापुढे मांडले आणि २०१८ साली राज्य शासनाने शिक्षण व शासकीय नोकरी यांत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण लागू केले. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कसवलतीतही अनाथ प्रमाणपत्रधारक विद्यार्थ्यांचा समावेश झाला. या सवलतींचे दार उघडते ते महिला व बाल विकास विभागामार्फत मिळणाऱ्या प्रमाणपत्राने. मुलगी संस्थेत असतानाच ते मिळविणे सोपे जाते. ती बाहेर पडल्यानंतर जुने दप्तर धुंडाळीत बसावे लागते.

घंटेबाहेरचे जीवन

बालगृहाचा दिवस घंटेवर चालतो. उठण्याची, प्रार्थनेची, जेवणाची, अभ्यासाची आणि निजण्याची घंटा होते. अनेक मुले एकत्र सांभाळावयाची तर शिस्त हवी, हे खरे. परंतु बारा-पंधरा वर्षे दुसऱ्याने वाजविलेल्या घंटेवर चाललेल्या मुलीला एके दिवशी स्वतःचा दिवस स्वतः आखावा लागतो, तेव्हा ती गोंधळून जाते. शंभर माणसांच्या स्वयंपाकासाठी गव्हाची पोती निवडण्यात तिने हातभार लावलेला असतो, पण एका माणसाच्या भातात मीठ किती घालावे ते तिला माहीत नसते. कापड संस्थेने घेतले, साबण संस्थेने दिला, औषध संस्थेने आणले. महिन्याला किती पैसे लागतात याचा अंदाज तिला यावा कसा? आयुष्यात ती खोलीत एकटी कधी निजलेली नसते. बाहेर पडल्यावर पहिल्या रात्रीची शांतताही तिला भीती घालते.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. चौदाव्या वर्षापासून प्रत्येक मुलीला थोडे पैसे स्वतःच्या हिशेबाने खर्च करू द्यावेत आणि त्याचा जमाखर्च तिने एका वहीत लिहावा. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालविता यावे, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना दिली आहे. या मुभेचा लाभ घ्यावा. पैसे भरण्याची चिठ्ठी मुलीने आपल्या हाताने भरावी, आपला गुप्त क्रमांक कोणाला सांगू नये हे शिकावे. आठवड्याच्या बाजारात भाजी घेण्यास पाळीपाळीने दोघी-तिघींना पाठवावे. भाव करताना त्या फसल्या तर फसू द्यावे. चार रुपयांत मिळालेला तो धडा स्वस्त असतो. एस. टी. च्या वेळापत्रकावरून गाडी शोधून तालुक्याच्या गावी जाणे, दवाखान्यात केसपेपर काढून डॉक्टरांना आपला आजार आपल्या तोंडाने सांगणे, पोलीस ठाण्याची पायरी न घाबरता चढणे, या गोष्टी वर्गात फळ्यावर शिकविता येत नाहीत. त्या कराव्याच लागतात.

निर्णय घेण्याची सवयही अशीच लावावी लागते. नियमांप्रमाणे प्रत्येक बालगृहात मुलांच्या समित्या असावयास हव्यात. या समितीने आठवड्याचे जेवण ठरविले, सहलीचा खर्च आखला, तक्रारी ऐकल्या आणि तिचे ठराव अधीक्षकांनी खरोखर मानले, तर त्याच मुली पुढे घरमालकाशी आणि मालकाशी ताठ मानेने बोलू शकतील. मान खाली घालून "हो" म्हणणारी मुलगी संस्थेत गुणी समजली जाते. बाहेरच्या जगात मात्र याच गुणाचा गैरफायदा घेणारे पुष्कळ भेटतात. नकार देण्याचे धैर्य ही या मुलीच्या शिदोरीतील सर्वांत मोलाची भाकरी आहे.

शिक्षण आणि व्यवसाय

मुलींना व्यवसायशिक्षण म्हटले की शिवणयंत्र डोळ्यांपुढे येते. शिवणकाम वाईट नाही. परंतु सगळ्याच मुलींच्या हाती सुई देताना त्यांपैकी किती जणींचे पोट त्यावर भरेल, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. वीजतंत्री, जोडारी, संगणक यांसारख्या व्यवसायांकडे बालगृहातील मुलींनी का वळू नये? परिचर्या, पोलीस भरती, बँक आणि स्पर्धा परीक्षा या वाटाही मोकळ्या आहेत. येथे शिक्षकांचे काम मोलाचे ठरते. आठवीपासून मुलीचा कल ओळखून तो तिच्या देखभाल आराखड्यात नोंदविला, तर अठराव्या वर्षी मिळेल ते काम धरण्याची पाळी तिच्यावर येणार नाही.

बारावीच्या परीक्षेचे वर्ष आणि संस्था सोडण्याचे वर्ष पुष्कळदा एकच असते, याकडेही लक्ष वेधावयास हवे. पुढचा मुक्काम कोठे, ही चिंता मनात असताना अभ्यासात चित्त लागणे कठीण. त्या मुलीची वसतिगृहाची सोय परीक्षेपूर्वीच निश्चित करून तसे तिला सांगणे, हेच त्या वर्षीचे खरे मार्गदर्शन होय. नोकरीस लागलेल्या मुलींसाठी सखी निवास या नावाने चालणारी वसतिगृहे आहेत, त्यांची माहिती संस्थेच्या फलकावर असावी. अठरा वर्षांपर्यंत १०९८ हा क्रमांक तिला पाठ असतो. त्यानंतर १८१ ही महिलांची साहाय्य सेवा आहे, हेही तिला ठाऊक हवे.

विवाह : एक वाट, एकमेव नव्हे

संस्थेतील मुलीचे लग्न लावून दिले की जबाबदारी संपली, असा समज दीर्घकाळ रूढ आहे. अनेक संस्थांनी असे विवाह मोठ्या जिव्हाळ्याने केले आणि ते सुखाचे झाले, हेही खरे. परंतु जाण्यास दुसरी जागा नाही म्हणून मुलीने दिलेला होकार हा होकार म्हणता येईल काय? स्थळ पाहावयास आलेल्या मंडळींना हुंडा नको असतो, मानपान नको असतो, याचे कौतुक होते. पण मुलीच्या मागे विचारणारे कोणी नाही, म्हणूनच तर ही मंडळी येथवर आली नाहीत ना, हेही पाहावे लागते. तेव्हा वराची, त्याच्या गावाची, आरोग्याची व व्यवसायाची चौकशी आपल्या सख्ख्या मुलीसाठी करावी तितकीच कसून करावी. मुलीच्या हाती आधी कमाईचे साधन असावे. लग्नाची तारीख आणि संस्था सोडण्याची तारीख यांचा एकमेकींशी संबंध असू नये.

गावाकडे परतणारी मुलगी

बालगृहातील सर्वच मुली पूर्ण अनाथ नसतात. कोणाची आई शेतमजुरी करते, कोणाचे वडील वारल्यावर आईने दुसरे घर केले, कोणाला काका किंवा आजी आहे. अठरा वर्षांनंतर यांतील पुष्कळ मुली गावाकडे परततात. ग्रामपंचायत सदस्यांचे कर्तव्य येथे सुरू होते.

पहिला प्रश्न जमिनीचा. वडिलांच्या नावे दोन-तीन एकर शेती होती, ते वारले आणि मुलगी संस्थेत गेली. वारस नोंदीच्या वेळी भाऊबंदांनी तिचे नाव सांगितलेच नाही. दहा-बारा वर्षांनी ती परत येते तेव्हा सातबारावर तिचे नाव नसते आणि गावात तिचे येणे कोणालाच नको असते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. मूल संस्थेत पाठविले जाते त्याच वर्षी वारस म्हणून त्याचे नाव लागले आहे की नाही, हे सरपंच व सदस्यांनी फेरफार नोंदीवरून पाहावे. बालपणी केलेली ही एक नोंद मोठेपणीच्या कित्येक वर्षांच्या कज्ज्यातून तिला वाचवील.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. ज्या घरातील परिस्थितीमुळे मुलगी संस्थेत गेली, ती परिस्थिती पालटली आहे काय, हे पाहिल्याखेरीज तिला तेथे पाठविणे धोक्याचे असते. ग्राम बाल संरक्षण समितीने गृहभेट देऊन प्रामाणिक अहवाल द्यावा. मुलगी आल्यावर मतदारयादी, शिधापत्रिका, बचत गट यांत तिचे नाव घालण्याकामी पुढाकार घ्यावा. सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज करता येतो, ही २०२२ पासूनची सोयही तिला सांगावी. "ही कोणाची?" या प्रश्नाला "ही आपल्या गावची" एवढे उत्तर ग्रामसभेत मिळाले, तरी तिचे निम्मे काम झाले.

परतण्याचे दार

महाराष्ट्रातील मुलीला सासर कितीही सुखाचे असले तरी माहेर लागते. नागपंचमीला, दिवाळीच्या भाऊबीजेला, पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येते. माहेर म्हणजे तरी काय? न विचारता परत येता येईल असे दार. संस्थेत वाढलेल्या मुलीला नेमके हेच दार नसते. नोकरी सुटली, घरमालकाने खोली रिकामी करावयास सांगितली, नवऱ्याने मारहाण केली, तर रात्री आठ वाजता ती कोठे जाईल?

हे दार उघडे ठेवणारी माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत. २०२१ साली पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये निवर्तलेल्या सिंधुताई सपकाळ यांना हजारो मुले 'माई' म्हणत, ती वय मोजून नव्हे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव दिले, मुलींचे विवाह केले. २०२४ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी वझ्झरला वाढलेल्या एका दृष्टिहीन तरुणीने लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण केली. त्या वेळी तिने अठरावे वर्ष ओलांडून बराच काळ लोटला होता. अठराव्या वर्षी आधार काढून घेतला असता, तर हा निकाल लागला नसता.

सर्वांनाच असे व्रत घेता येणार नाही, आणि कोणा एकाच्या थोरवीवर व्यवस्था चालत नसते. परंतु प्रत्येक संस्थेला आपल्या जुन्या मुलींची नोंदवही ठेवता येईल, वर्षातून एकदा त्यांना भाऊबीजेला बोलाविता येईल, पहिली दोन वर्षे दरमहा त्यांची खुशाली विचारता येईल. गावातील किंवा शहरातील एखाद्या शिक्षिकेला, परिचारिकेला, महिला मंडळाच्या कार्यकर्तीला एकेका मुलीची मावशी म्हणून जोडून देता येईल. खोली भाड्याने घेताना ओळख सांगणारे आणि आजारपणात उशाशी बसणारे एक माणूस असले, तर दरमहाच्या साहाय्याच्या रकमेचेही सार्थक होते.

सारांश, अधीक्षकांनी चौदाव्या वर्षापासून प्रत्येक मुलीच्या स्वावलंबनाचा आराखडा आखावा आणि सोळाव्या वर्षापर्यंत तिची कागदपत्रे पुरी करावीत. शिक्षकांनी तिचा कल ओळखून तिला योग्य अभ्यासक्रमाच्या दारापर्यंत न्यावे. ग्रामपंचायतींनी आपल्या गावातून संस्थेत गेलेल्या मुलांची यादी करून त्यांच्या वारस नोंदी तपासाव्यात. या तिन्ही कामांना नव्या निधीची वाट पाहावयास नको; ती येत्या महिन्यात हाती घेता येतील. अठराव्या वर्षी संस्थेचे दार ओलांडणाऱ्या मुलीच्या एका हाती कागदपत्रांची पिशवी आणि दुसऱ्या हाती कमाईचे साधन असावे, आणि मागे वळून पाहिले तर ते दार तिला उघडे दिसावे, एवढे आपणा सर्वांना मिळून साधता येण्याजोगे आहे.